टोनी रोल्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश शर्यतचालक टोनी रोल्ट (१९१८–२००८) यांच्याविषयी वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक माहितीचे आहेत, तर शेवटचे नोंदी आणि विक्रम यांच्यातील गुंत्याचे आहेत. एकच मजकूर दोनदा येऊ नये, म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टोनी रोल्ट कोण होते, आणि त्यांचे नाव आज इतके कमी का ऐकू येते?

अँथनी पीटर रॉयलन्स रोल्ट हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी, मोटार शर्यतींतील चालक आणि पुढे फोर-व्हील ड्राइव्ह तंत्राच्या विकासामागील एक प्रमुख व्यक्ती होते. १९५३ साली त्यांनी डंकन हॅमिल्टन यांच्यासह फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत जिंकली. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात युद्धकैदी होते.

मोटार शर्यतींच्या चाहत्यांची स्मरणशक्ती बहुतांशी फॉर्म्युला वनच्या गुणतक्त्यावर चालते, आणि त्या तक्त्यात रोल्ट यांच्या नावापुढे एकही गुण नाही. शर्यत हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय कधीच नव्हता. आधी सैन्य आणि नंतर अभियांत्रिकी संशोधन सांभाळून उरलेल्या वेळात ते गाडी चालवत असत. त्यांचे सर्वांत दीर्घ काम तर कारखान्यात आणि चाचणीच्या रस्त्यांवर झाले, जेथे प्रेक्षक नसतात. गुणतक्ता पाहून अशा माणसाची किंमत ठरवणे चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२. मोटार शर्यतींकडे ते कसे वळले?

रोल्ट यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९१८ रोजी हॅम्पशायरमधील बोर्डन या लष्करी छावणीच्या गावी झाला. वडील ब्रिगेडियर-जनरल होते. बालपण उत्तर वेल्समधील सेंट असाफ येथे गेले, शिक्षण ईटनमध्ये झाले आणि पुढे सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून ते रायफल ब्रिगेड या पायदळ रेजिमेंटमध्ये दाखल झाले. त्यांची सुरुवात तीन चाकांच्या मॉर्गन गाडीने झाली. १९३६ मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आधीच, बेल्जियममधील स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत त्यांनी ट्रायम्फ गाडी चालवली. रात्रभर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची सवय त्यांना इतक्या लवकर लागली होती, हे ल माँचा विचार करताना लक्षात ठेवावे.

३. 'रेमस' ही कोणती गाडी, आणि ती त्यांच्याकडे कशी आली?

१९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ईआरए या कंपनीने दीड लिटरच्या, सुपरचार्जर बसवलेल्या एकआसनी शर्यतगाड्या बांधल्या. त्यांतील दोन गाड्या सयामचे (आजचे थायलंड) राजपुत्र बिरा यांच्यामुळे प्रसिद्ध झाल्या. बिरा आणि त्यांचे चुलतबंधू राजपुत्र चुला यांच्या 'व्हाइट माउस' संघाने आपल्या गाड्यांना नावे देण्याची प्रथा ठेवली होती, त्यानुसार एकीचे नाव रोम्युलस आणि दुसरीचे रेमस. यांपैकी रेमस, म्हणजे आर५बी क्रमांकाची गाडी, रोल्ट यांनी विकत घेतली.

त्या गाडीवर फ्रेडी डिक्सन यांनी बरेच काम केले. डिक्सन हे मोटारसायकल आणि मोटार अशा दोन्ही शर्यतींत नावाजलेले यॉर्कशायरचे कसबी मेकॅनिक-चालक होते, आणि रोल्ट यांच्या पुढच्या आयुष्याला वळण देणारी ओळख हीच ठरली (प्रश्न १३ पाहावा). १९३९ मध्ये डॉनिंग्टन पार्क येथे झालेली 'ब्रिटिश एम्पायर ट्रॉफी' रोल्ट यांनी रेमसवर जिंकली. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते. अनुभवी चालकांच्या गर्दीत एका तरुण सैनिकी अधिकाऱ्याने मिळवलेला हा विजय पाहता पुढील चार-पाच वर्षे त्यांचीच असती, असे म्हणता येते. प्रत्यक्षात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले.

४. त्यांना मिलिटरी क्रॉस कशासाठी मिळाला?

मे १९४० मध्ये जर्मन चिलखती दले फ्रान्समधून समुद्राकडे धडकली, तेव्हा कॅले हे बंदर शेवटपर्यंत लढवण्याचा हुकूम तेथील ब्रिटिश तुकड्यांना मिळाला. त्यांत रायफल ब्रिगेडची पहिली बटालियन होती आणि तिच्यात रोल्ट होते. सुटकेची आशा नसताना या तुकड्या चार दिवस झुंजल्या आणि २६ मे रोजी कॅले पडले. त्याच दिवशी जवळच्या डंकर्क येथून ब्रिटिश सैन्य समुद्रमार्गे हलवण्याची मोहीम सुरू झाली. कॅलेच्या प्रतिकाराने डंकर्कला नेमका किती वेळ मिळवून दिला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण तेथे लढलेल्यांच्या धैर्याबद्दल नाहीत. या लढाईतील कामगिरीबद्दल रोल्ट यांना मिलिटरी क्रॉस हा शौर्यसन्मान देण्यात आला.

कॅले पडल्यावर ते कैद झाले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेतच राहिले. मात्र या काळात त्यांनी निसटण्याचे अनेक प्रयत्न केले आणि एकदा तर ते स्वित्झर्लंडच्या सीमेच्या अगदी जवळ जाऊन पकडले गेले. या प्रयत्नांबद्दल त्यांना पुढे मिलिटरी क्रॉसचा 'बार', म्हणजे तोच सन्मान दुसऱ्यांदा मिळाला.

५. कोल्डिट्झमध्ये खरोखर ग्लायडर बांधले होते का, की ही दंतकथा आहे?

ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमान, खरोखर बांधले होते. तयार झालेल्या ग्लायडरचे एक छायाचित्रही उपलब्ध आहे.

सॅक्सनीमधील कोल्डिट्झचा किल्ला मुल्ड नदीच्या वर, उंच कड्यावर उभा आहे. इतर छावण्यांतून वारंवार पळणाऱ्या अधिकाऱ्यांना जर्मन तेथे ठेवत असत. त्यामुळे पलायनात निष्णात झालेली माणसे त्यांनी स्वतःच एका छपराखाली जमा केली होती, असे म्हटले तरी चालेल. ग्लायडरची कल्पना आणि आराखडा हवाई दलातील बिल गोल्डफिंच यांचा होता आणि बांधणीत जॅक बेस्ट त्यांचे मुख्य सहकारी होते. हे दोघे वैमानिक, तर रोल्ट पायदळाचे. पण प्रार्थनागृहाचे लांब छप्पर पहारेकऱ्यांच्या नजरेआड राहते आणि उड्डाणासाठी तेच योग्य आहे, हे रोल्ट यांनी हेरले. त्या छपराखालच्या माळ्यावर कैद्यांनी खोटी भिंत उभी करून एक खोली लपवली आणि तिच्यात काम सुरू केले.

सामग्रीची कथा ऐकण्यासारखी आहे. पंखांच्या फासळ्या मुख्यतः पलंगाच्या फळ्यांच्या, सांगाड्याचे लांब भाग जमिनीच्या तक्त्यांचे आणि नियंत्रणाच्या तारा किल्ल्याच्या न वापरलेल्या भागांतील विजेच्या वायरिंगमधून काढलेल्या होत्या. आवरण झोपण्याच्या पिशव्यांच्या निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या सुती कापडाचे होते. ते कापड ताणून बसावे आणि त्यातून हवा जाऊ नये, म्हणून कैद्यांनी रेशनमधील भरडधान्य शिजवून त्याची खळ त्यावर चढवली. पंखांचा विस्तार सुमारे ३२ फूट होता आणि वजन अवघे २४० पौंड. कैद्यांच्या वाचनालयात विमानाच्या रचनेवरील एक तांत्रिक पुस्तक होते, त्याचा आकडेमोडीला आधार झाला.

छपराच्या कण्यावर टेबले मांडून धावपट्टी करायची, काँक्रीट भरलेले न्हाणीचे धातूचे टब साठ फूट खाली सोडायचे आणि त्याच्या ओढीने दोन माणसांचे ग्लायडर हवेत फेकायचे, अशी योजना होती. नदीपलीकडच्या कुरणात उतरायचे होते.

६. मग ते उडवले का नाही? उडाले असते का?

काम पूर्ण होईपर्यंत युद्ध शेवटाकडे आले होते. शिवाय मार्च १९४४ मध्ये दुसऱ्या एका छावणीतून पळालेल्या पन्नास अधिकाऱ्यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या होत्या, त्यामुळे निसटण्यातला धोका पूर्वीपेक्षा खूप वाढला होता. एसएस या नाझी सशस्त्र दलाने कैद्यांची कत्तल करण्याचे ठरवलेच, तर बाहेर खबर नेण्यासाठी ग्लायडर राखून ठेवावे, असा निर्णय झाला. तशी वेळ आली नाही. १६ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने किल्ला मुक्त केला.

मूळ ग्लायडर पुढे नष्ट झाले, पण उडण्याच्या क्षमतेचा प्रश्न निकालात निघाला आहे. २००० साली त्याच आराखड्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती इंग्लंडमधील ओडिहॅम येथील हवाई तळावर वैमानिकासह उडवण्यात आली, आणि ती पाहायला गोल्डफिंच व बेस्ट स्वतः हजर होते. २०१२ मध्ये दुसरी प्रतिकृती, या वेळी माणसाविना आणि रेडिओ नियंत्रणाने, थेट कोल्डिट्झच्या छपरावरून सोडण्यात आली आणि ती नदी ओलांडून कुरणात उतरली.

७. युद्धानंतर त्यांनी पुन्हा शर्यती केव्हा सुरू केल्या?

चालकाच्या हातात धार असते ती वर्षे, म्हणजे एकविसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंतची, रोल्ट यांनी तारेच्या कुंपणाआड घालवली होती. तरीही ते लवकरच शर्यतींकडे परतले. १९४८ मध्ये मेजर या हुद्द्यावर त्यांनी सैन्य सोडले.

या काळात त्यांच्याकडे एक विलक्षण अल्फा रोमिओ होती. १९३५ मध्ये एन्झो फेरारी यांच्या संघाने पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने बसवलेली 'बिमोटोरे' ही गाडी तयार केली होती. ती वेगवान होती, पण टायर खाऊन टाकत असे. इंग्लंडमध्ये आल्यावर तिचे मागचे इंजिन काढून तिला एका इंजिनाची करण्यात आले आणि ती अल्फा-एटकेन म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट १९४८ मध्ये हॉलंडमधील झांडव्होर्ट या नव्या ट्रॅकवरील पहिल्या शर्यतीत रोल्ट या गाडीवर दुसरे आले. पहिले आले ते रेमसचे जुने मालक राजपुत्र बिरा.

८. फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदासाठीच्या किती शर्यतींत ते उतरले?

तीन, आणि तिन्ही ब्रिटिश ग्रां प्री. १३ मे १९५० रोजी सिल्व्हरस्टोन येथे पीटर वॉकर यांच्यासोबत ईआरएच्या ई-टाइप गाडीवर. १९५३ मध्ये पुन्हा सिल्व्हरस्टोनला कनॉट गाडीवर. आणि १९५५ मध्ये एन्ट्री येथे पुन्हा वॉकर यांच्यासोबत कनॉटवर. तिन्ही वेळा गाडी मध्येच बंद पडली. या तिन्ही गाड्या फेरारी, अल्फा रोमिओ किंवा मर्सिडीझ यांच्या तोडीच्या नव्हत्या, हे नोंद वाचताना ध्यानात घ्यावे. १९५० च्या शर्यतीतील नोंदीचा गुंता प्रश्न १७ मध्ये सोडवला आहे.

विश्वविजेतेपदाबाहेरच्या ब्रिटिश शर्यतींत मात्र चित्र वेगळे होते. रॉब वॉकर यांच्या खाजगी संघाची कनॉट घेऊन रोल्ट यांनी देशांतर्गत शर्यतींत अनेक विजय मिळवले.

९. जॅग्वारच्या संघात त्यांचा प्रवेश कसा झाला?

दुसऱ्या गाडीवर केलेल्या कामामुळे. १९५० मध्ये रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी नॅश-हीली गाडी घेऊन ल माँमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि १९५१ मध्ये सहावा. लहान संघाची गाडी चोवीस तास न मोडता आणि तरीही वेगात नेणे, हे कारखान्यांच्या संघांना लगेच दिसते. सप्टेंबर १९५१ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डंड्रॉड येथील टूरिस्ट ट्रॉफीत लेस्ली जॉन्सन यांच्यासह जॅग्वार सी-टाइप चालवून ते तिसरे आले. पुढच्या वर्षी ल माँसाठी ते आणि हॅमिल्टन जॅग्वारच्या अधिकृत संघात होते.

१९५२ ची ती मोहीम फसली. मर्सिडीझच्या सरळ रस्त्यावरील वेगाच्या धास्तीने जॅग्वारने गाड्यांचे नाक ऐनवेळी बदलले, त्यामुळे इंजिन थंड राखणारी व्यवस्था कोलमडली आणि तिन्ही गाड्या सुरुवातीच्या तासांतच बाद झाल्या.

१०. १९५३ चा ल माँचा विजय इतका महत्त्वाचा का मानला जातो?

त्या वर्षीचे प्रतिस्पर्धी आधी पाहावेत. फेरारीकडून विश्वविजेते अल्बर्टो अस्कारी आणि लुइजी व्हिलोरेसी, अल्फा रोमिओकडून हुआन मॅन्युएल फँजिओ, अमेरिकेकडून ब्रिग्ज कनिंगहॅम यांचा संघ, आणि जॅग्वारच्याच दुसऱ्या गाडीत स्टर्लिंग मॉस व पीटर वॉकर. ल माँला इतके बलाढ्य प्रतिस्पर्धी एकाच वेळी क्वचितच जमले असतील.

जॅग्वारने या वेळी गाडीचे वजन घटवले होते आणि चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवले होते. ल माँच्या त्या वेळच्या ट्रॅकवर सुमारे सहा किलोमीटरचा मुल्सान्चा सरळ रस्ता होता, आणि त्याच्या शेवटी ताशी २४० किलोमीटरच्या आसपासचा वेग क्षणार्धात काटकोनी वळणाइतका खाली आणावा लागे. ड्रम ब्रेक प्रत्येक फेरीत तापतात आणि काही तासांनी त्यांची पकड सुटू लागते. डिस्क मोकळ्या हवेत असल्याने लवकर थंड होते. परिणामी जॅग्वारचे चालक वळणाच्या बरेच जवळ जाऊन ब्रेक दाबू शकत होते, आणि हे ते शेवटच्या तासातही करू शकत होते. अस्कारींची फेरारी सुरुवातीला बरोबरीने पळाली, पण पाठलागाच्या ताणाने तिचा क्लच गेला.

रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी १८ क्रमांकाच्या गाडीत ३०४ फेऱ्या, म्हणजे ४,०८८ किलोमीटर अंतर कापले. सरासरी वेग ताशी १७०.३३६ किलोमीटर होता. ल माँमध्ये ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी प्रथमच गाठली गेली. आदल्या वर्षीच्या विजेत्या मर्सिडीझची सरासरी ताशी १५५.५७५ किलोमीटर होती. एका वर्षात सुमारे १५ किलोमीटरची झेप हा आकडाच पुरेसा बोलका आहे. मॉस आणि वॉकर दुसरे आले. जॅग्वारची तिसरी गाडी चौथी आली.

पुढील काही वर्षांत डिस्क ब्रेक शर्यतगाड्यांत आणि नंतर सामान्य गाड्यांत रूढ झाले, त्यात या निकालाचा वाटा फार मोठा आहे. मॉस यांनी १९५२ मध्ये रीम्स येथे डिस्क ब्रेकच्या जॅग्वारवर विजय मिळवला होता, त्यामुळे हा डिस्क ब्रेकचा पहिला विजय नव्हे. पण चोवीस तासांची परीक्षा ते उतरू शकतात, हे ल माँनेच सिद्ध केले.

११. ते दोघे त्या शर्यतीत दारूच्या नशेत होते, हे खरे आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो. आमचे उत्तर असे की या कथेवर विश्वास ठेवण्यास सबळ कारण नाही.

सरावाच्या वेळी १८ हाच क्रमांक रंगवलेली जॅग्वारची दुसरी गाडीही ट्रॅकवर उतरली आणि प्रतिस्पर्धी संघाने हरकत घेतल्याने रोल्ट-हॅमिल्टन यांची गाडी बाद ठरवण्यात आली. पुढे दंड भरून ती पुन्हा दाखल करून घेण्यात आली. इथपर्यंत वाद नाही. पुढचा भाग हॅमिल्टन यांच्या आठवणींतून आला आहे. निराश होऊन दोघांनी रात्रभर शहरात मद्यपान केले, सकाळी गाडी परत घेतल्याची बातमी कळली, आणि शर्यतीत पिटमध्ये थांबताना हॅमिल्टन यांना ब्रँडीही देण्यात आली, असे ते रंगवून सांगत.

जॅग्वार संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी ही कथा फेटाळली होती आणि रोल्ट यांनीही तिला दुजोरा दिला नाही. हॅमिल्टन हे दिलखुलास, किस्से खुलवणारे गृहस्थ होते. उलट बाजूला चोवीस तासांची विक्रमी सरासरी आणि चार फेऱ्यांची आघाडी आहे. संघाची सर्व मेहनत पणाला लागलेली असताना नशेतील माणसाच्या हाती गाडी देणारे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड नव्हते, हे त्यांच्या इतर कारकिर्दीवरूनही दिसते. गोष्ट मजेशीर आहे म्हणून ती टिकली, पण ती सांगताना रोल्ट यांचे खरे कसब झाकोळते, म्हणून वाचकांनी ती पुढे पाठवू नये, अशी आमची विनंती आहे.

१२. १९५४ मध्ये ते पुन्हा जिंकता जिंकता राहिले, आणि पुढच्याच वर्षी थांबले. काय घडले?

१९५४ मध्ये जॅग्वारची नवी डी-टाइप तिच्या पहिल्याच ल माँमध्ये उतरली. समोर फेरारीची जवळजवळ पाच लिटरची ३७५ प्लस होती, तर डी-टाइपचे इंजिन ३.४ लिटरचे. पेट्रोलमधील बारीक गाळाने जॅग्वारचे फिल्टर तुंबले आणि सुरुवातीलाच बराच वेळ गेला. त्यानंतर पावसात रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी केलेला पाठलाग आमच्या मते १९५३ च्या विजयाहून सरस आहे. अखेरच्या थांब्यावर फेरारीचे इंजिन सुरू होईना, तेव्हा अंतर झपाट्याने कमी झाले, पण फ्रोइलान गोन्झालेझ आणि मॉरिस त्रँतिन्याँ यांनी सुमारे चार किलोमीटरने शर्यत राखली. चोवीस तासांच्या शर्यतीत इतके कमी अंतर अनेक वर्षांत दिसले नव्हते. त्याच उन्हाळ्यात रीम्सच्या १२ तासांच्या शर्यतीतही या जोडीने दुसरा क्रमांक मिळवला.

११ जून १९५५ रोजी ल माँमध्ये मर्सिडीझची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रोल्ट आणि हॅमिल्टन यांची डी-टाइप त्या शर्यतीत होती आणि नंतर ती बिघाडाने बाद झाली. त्या वर्षानंतर रोल्ट यांनी शर्यती थांबवल्या. तोवर ते ज्या संशोधनात गुंतले होते, त्याला पूर्ण वेळ हवा होता.

१३. फोर-व्हील ड्राइव्ह तर युद्धातल्या जीपलाही होती. मग रोल्ट यांनी नवे काय केले?

जीपची फोर-व्हील ड्राइव्ह चिखलासाठी होती. तिच्यात पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा थोडे जास्त अंतर कापावे लागते. चिखलात चाके घसरून हा फरक जिरतो, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर तो जिरायला जागा नसते, टायर घासतात आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणून चालकाने पक्क्या रस्त्यावर ती बंद करायची असते.

डिक्सन आणि रोल्ट यांना हवी होती ती पक्क्या रस्त्यावर, वेगात, कायम चालू राहणारी फोर-व्हील ड्राइव्ह, आणि तीही सुरक्षिततेसाठी. ट्रॅक्टरमुळे प्रसिद्ध झालेले हॅरी फर्ग्युसन यांना ही कल्पना पटली. १९५० मध्ये हॅरी फर्ग्युसन रिसर्च ही कंपनी उभी राहिली, रोल्ट तिच्या प्रमुखांपैकी एक झाले आणि अ‍ॅस्टन मार्टिनमधून आलेले क्लॉड हिल यांनी रचनेचे काम पाहिले. त्यांच्या पद्धतीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक डिफरेन्शियल होता, त्यामुळे वळणावर दोन्हींना वेगवेगळ्या गतीने फिरता येई. आणि त्याच्यासोबत असे क्लच होते की गतींतील फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर ते आपोआप पकडत. एक चाक बर्फावर भिरभिरू लागले तरी सारी शक्ती तेथे वाया जात नसे. ब्रेक लावताना चाके जाम होऊ नयेत, यासाठी डनलॉपची मॅक्सरेट ही विमानांतील यंत्रणाही त्यांनी चाचणीच्या गाड्यांत वापरली.

१४. फर्ग्युसन पी-९९ ही गाडी काय होती?

या तंत्राची जाहीर परीक्षा घेण्यासाठी बांधलेली फॉर्म्युला वनची गाडी. फर्ग्युसन ऑक्टोबर १९६० मध्ये वारले, त्यामुळे त्यांना ती पळताना पाहता आली नाही. जुलै १९६१ मध्ये एन्ट्री येथील ब्रिटिश ग्रां प्रीत जॅक फेअरमन यांनी ती चालवली आणि मध्येच ती मॉस यांनी हाती घेतली, पण ढकलून सुरू केल्याबद्दल ती बाद ठरली. २३ सप्टेंबर १९६१ रोजी औल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर मॉस यांनी तीच गाडी घेऊन गोल्ड कप जिंकला. पुढे १९६४ मध्ये पीटर वेस्टबरी यांनी ती वापरून ब्रिटनचे हिल-क्लाइंब, म्हणजे चढणीच्या रस्त्यावरील शर्यतींचे, विजेतेपद मिळवले. गोल्ड कपच्या विजयाची नोंद कशी धरावी, हे प्रश्न १८ मध्ये आहे.

१५. सामान्य गाड्यांपर्यंत हे काम पोहोचले का?

पोहोचले, पण उशिरा. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही कायमस्वरूपी फोर-व्हील ड्राइव्ह आणि मॅक्सरेट ब्रेक असलेली मोटार विक्रीस आली. नावातील 'एफएफ' म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. ती महाग होती आणि केवळ ३२० गाड्या बनल्या.

१९७१ मध्ये रोल्ट यांनी एफएफ डेव्हलपमेंट्स ही कंपनी स्थापन केली आणि तेथे व्हिस्कस कपलिंगला व्यवहारात आणले. बंद डब्यात एकाआड एक पातळ चकत्या असतात आणि मध्ये सिलिकोनचे घट्ट द्रव भरलेले असते. दोन्ही शाफ्ट जवळजवळ सारख्या गतीने फिरतात तोवर द्रव फारसा विरोध करत नाही. एक बाजू जोरात घसरू लागली की विरोध वाढतो आणि शक्ती दुसऱ्या बाजूकडे वळते. प्रश्न १३ मधील क्लचांपेक्षा हे साधे, स्वस्त आणि शांत होते. अमेरिकेतील एएमसी ईगल या १९८० च्या मॉडेलमध्ये ते वापरले गेले, आणि त्यानंतर अनेक कंपन्यांच्या रस्त्यावरील फोर-व्हील ड्राइव्ह मोटारींत व्हिस्कस कपलिंग सर्रास दिसू लागले. आमच्या दृष्टीने रोल्ट यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा विजय हा आहे.

१६. कालवे आणि रेल्वेवर लिहिणारे एल. टी. सी. रोल्ट ते हेच का?

नाही. टॉम रोल्ट (१९१०–१९७४) हे अभियांत्रिकीच्या इतिहासाचे लेखक आणि इंग्लंडमधील कालवे व वेल्समधील टॅलिलिन रेल्वे वाचवण्याच्या चळवळीतील अग्रणी होते. जुन्या मोटारींची आवड त्यांनाही होती, त्यामुळे गोंधळ होतो.

१७. १९५० च्या पहिल्या ग्रां प्रीतील शेवटचे हयात चालक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पण शर्यत तर वॉकर यांनी सुरू केली होती?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या काळी एक गाडी दोन चालकांनी वाटून चालवण्यास परवानगी होती. सिल्व्हरस्टोनला ईआरएची सुरुवात पीटर वॉकर यांनी केली, पहिल्या काही फेऱ्यांतच त्यांनी ती रोल्ट यांच्याकडे दिली आणि लगेचच गिअरबॉक्स निकामी झाला. रोल्ट यांनी त्या शर्यतीत प्रत्यक्ष गाडी चालवली असल्याने त्यांची गणना भाग घेतलेल्यांत होते. मात्र 'सुरुवातीच्या रांगेत उभे राहिलेले चालक' एवढीच यादी करायची असेल, तर तीत त्यांचे नाव येणार नाही. ६ फेब्रुवारी २००८ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा विश्वविजेतेपदाच्या पहिल्या शर्यतीत गाडी चालवलेले ते अखेरचे हयात चालक होते.

१८. पी-९९ ने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, तरी विजयांच्या याद्यांत ती का सापडत नाही?

कारण औल्टन पार्कचा गोल्ड कप फॉर्म्युला वनच्या नियमांनुसार झाला, तरी तो विश्वविजेतेपदाच्या मालिकेत नव्हता, आणि बहुतेक याद्या केवळ मालिकेतील शर्यती मोजतात. 'फोर-व्हील ड्राइव्हच्या गाडीने जिंकलेली फॉर्म्युला वनची एकमेव शर्यत' आणि 'पुढे इंजिन असलेल्या गाडीचा फॉर्म्युला वनमधील अखेरचा विजय' ही दोन्ही विधाने गोल्ड कप धरला तरच बरोबर ठरतात. विश्वविजेतेपदाच्या शर्यतींत फोर-व्हील ड्राइव्हची गाडी कधीच जिंकली नाही. १९६९ मध्ये लोटस, मात्रा आणि मॅक्लॅरेन यांनी तसे प्रयत्न केले, त्यांपैकी केवळ मात्राच्या गाडीने कॅनडात सहाव्या क्रमांकाचा एक गुण मिळवला. टायर रुंद होत गेले आणि पंखांमुळे गाडी जमिनीवर दाबली जाऊ लागली, तेव्हा जास्तीच्या यंत्रणेचे वजन परवडेनासे झाले. १९८३ पासून नियमांनीच तिला मनाई आहे.

१९. त्यांनी चालवलेल्या किंवा घडवलेल्या गाड्या आज आहेत का?

रेमस आजही अस्तित्वात आहे आणि ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींत तिने अनेक मालकांच्या हाती भाग घेतला आहे. १९५३ ची विजेती सी-टाइप, म्हणजे एक्सकेसी ०५१ क्रमांकाची गाडी, पुढच्याच वर्षी एकुरी एकॉस या स्कॉटिश संघाकडे गेली. पी-९९ देखील जपून ठेवलेली आहे आणि अधूनमधून जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत चालवली जाते.